शुगरची गोळी आणि किरणांचा शेक

दिवाळी अंकासाठी हे सदर लिहायचे म्हणजे दरवर्षी माझी थोडी पंचाईतच होते. एरवी आठवड्याच्या अंकात पित्त, पडसे, पायात येणारे गोळे असले विषय खपून जातात. दिवाळी अंक मात्र चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी उघडला जातो, घरातली चार माणसे तो आळीपाळीने वाचतात आणि पाहुणे आले की त्यांच्याही हाती देतात. संपादक म्हणाले, "डॉक्टर, या खेपेला जरा गोड काहीतरी द्या." मी म्हटले, देतो, साखरेवरच लिहितो. ही साखर रक्तातली आहे आणि तिच्या सोबतीला कर्करोगही आहे, एवढे मात्र मी त्यांना बोललो नाही.

विषय सुचला तो एका पत्रामुळे. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याहून एका सूनबाईंनी ते लिहिले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती मी अर्थातच पाळतो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला नंदुरबार म्हटले की वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल गालिचा आठवतो, फार तर सुरत-भुसावळ गाडी. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वर सातपुडा, खाली तापी आणि पलीकडे गुजरात. मोठ्या आजाराला इथला माणूस मुंबईच्या आधी सुरतेची गाडी धरतो.

पत्रातला मजकूर थोडक्यात असा : "आमच्या आबांना, म्हणजे सासऱ्यांना, बारा वर्षांपासून शुगर आहे. गोळी चालू आहे. होळीपासून शौचावाटे रक्त जात होते. मूळव्याध असेल म्हणून गावठी औषध केले, दोन महिने त्यात गेले. शेवटी सुरतेला दुर्बिणीने तपासले तर गुदाशयात कर्करोगाची गाठ निघाली. आता आधी शेक आणि मग ऑपरेशन असे ठरले आहे. आमच्या भाचेजावयांनी कुठे वाचले की शुगरच्या गोळीने शेक जास्त लागू पडतो. तेव्हापासून आबा एकाऐवजी दोन-दोन गोळ्या घेतात. डॉक्टरांना सांगितलेले नाही, ते रागावतील म्हणून. हे बरोबर आहे ना? आणि आबा विचारतात, याने पोटावरची पिशवी टळेल का?"

हे पत्र वाचून मी दिवाळीची वाट पाहिली नाही. दोन ओळींचे उत्तर त्याच दिवशी पाठवले : गोळी पूर्वी होती तेवढीच ठेवा, आणि उद्याच्या उद्या सगळे डॉक्टरांना सांगा; रागावले तर रागावू द्या. पण भाचेजावयांनी वाचले ते अगदीच निराधार नव्हते. त्यामागे चांगल्या शास्त्रज्ञांची वीस वर्षांची मेहनत आहे. म्हणून दोन ओळींत न मावलेले उत्तर आज इथे लिहितो.

ही गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. तुमच्या-माझ्या घरात कोणी मधुमेही असेल, आणि हल्ली कुठल्या घरात नसतो, तर औषधांच्या डब्यात ती हमखास सापडेल. रुपया-दोन रुपयांची पांढरी गोळी. तिचे मूळ मात्र युरोपातल्या एका जांभळ्या फुलांच्या रानटी झुडपात आहे. त्याचे नाव गॅलेगा. गुरांचे दूध वाढावे म्हणून तिकडचे शेतकरी ते जनावरांना घालीत. त्या झुडपात ग्वानिडिन जातीची द्रव्ये असतात. १९१८ साली वातानाबे नावाच्या संशोधकाने दाखवले की ग्वानिडिनने जनावराच्या रक्तातली साखर उतरते. पण ते होते विषारी. १९२२ साली डब्लिनमध्ये वेर्नर आणि बेल या दोघांनी त्याचा सौम्य भाऊबंद प्रयोगशाळेत तयार केला, आणि तोच आपला मेटफॉर्मिन. दैव असे की त्याच वर्षी इन्शुलिनची पहिली टोचणी कॅनडात दिली गेली. साऱ्या जगाचे डोळे तिकडे लागले आणि ही बिचारी पावडर बाटलीत पडून राहिली.

पुढे १९५० च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये डॉ. गार्सिया यांनी ती चक्क फ्लूच्या रोग्यांना दिली, आणि काहींच्या रक्तातली साखर उतरल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्याचा धागा धरून पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी १९५७ साली मधुमेहावरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि औषधाला नाव दिले ग्लुकोफाज, म्हणजे साखर खाणारा. अमेरिकेने मात्र १९९४ च्या डिसेंबरापर्यंत परवानगी दिली नाही. त्याला कारण होते तिची थोरली बहीण फेनफॉर्मिन. त्या औषधाने काही रोग्यांच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसे दगावली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक देशांनी ते बंद केले. बहिणीच्या बदनामीचा डाग धाकटीला कितीतरी वर्षे लागून राहिला, जसा आपल्याकडे लग्नाच्या बाजारात लागतो. आबांच्या दुप्पट गोळ्यांनी मी दचकलो तो याच आठवणीने. मेटफॉर्मिनने असे क्वचितच होते. पण मूत्रपिंडे थकलेली असतील, किंवा जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आटले असेल, तर होऊ शकते.

आता साखरेच्या औषधाचा कर्करोगाशी काय संबंध? २००५ साली स्कॉटलंडमध्ये डंडीच्या डॉक्टरांनी आपल्या टापूतल्या मधुमेह्यांच्या नोंदी चाळल्या. त्या देशात कोणाला कोणते औषध दिले याची नोंद एकत्र असते, हे त्यांचे भाग्य. त्यांना दिसले की मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत कर्करोग थोडा कमी आढळतो. पानभर मजकुराचा तो लेख होता. पण त्याने जगभरच्या प्रयोगशाळांत धांदल उडवून दिली.

किरणोपचाराशी सांधा जुळतो तो मात्र प्राणवायूमुळे. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्ष-किरण पेशीला मारतात ते मुख्यतः तिच्या केंद्रातला वारशाचा दोरा तोडून. पण दोरा तुटला तरी पेशी तो सांधायला बसते. जवळपास प्राणवायू असेल तर तो त्या तुटलेल्या टोकाशी संयोग पावतो, आणि मग सांधा बसत नाही. प्राणवायू नसेल तर पेशी निम्म्याहून अधिक मोडतोड निस्तरून पुन्हा उभी राहते. प्राणवायूला मुकलेली पेशी मारायला अडीच ते तीनपट किरण लागतात. इंग्लंडमध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९५३ साली ठसठशीतपणे मांडले. किरणांच्या मात्रेचे माप आज 'ग्रे' या नावाने ओळखले जाते ते याच गृहस्थांवरून. १९५५ साली थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर रक्तवाहिनीपासून केसाच्या जाडीएवढ्या अंतरापलीकडे पेशी मेलेल्या होत्या. मेलेल्या आणि धडधाकट यांच्या मधोमध एक पट्टा अर्धपोटी, गुदमरलेल्या पेशींचा असतो, आणि किरणांना दाद देत नाहीत त्या नेमक्या याच.

कर्करोगाची गाठ म्हणजे नगररचनाकाराला न विचारता वाढलेली वस्ती. गिरगावातल्या जुन्या चाळीत राहिलेल्यांना समजावून सांगायला नको. पाणी पहाटे यायचे. तळमजल्यावरची बिऱ्हाडे पिंप, हंडे, बादल्या भरून घ्यायची, आणि तिसऱ्या मजल्याच्या नळाला नुसती फुसफुस. गाठीतही तसेच. रक्तवाहिनीजवळच्या पेशी येणारा प्राणवायू आधीच ओढून घेतात आणि टोकाच्या पेशींपर्यंत काही पोचत नाही.

यावर उपाय काय? पहिला विचार सुचला तो पंप बसवण्याचा. १९५५ साली लंडनमध्ये चर्चिल-डेव्हिडसन यांनी रोग्याला बंद टाकीत घालून, दाबाखाली प्राणवायू देऊन किरण दिले. रोगी टाकीत, डॉक्टर बाहेर. प्रकार जिकिरीचा होता आणि पुढे मागे पडला. दुसरा विचार, प्राणवायूचे सोंग घेणारे औषध देण्याचा. डेन्मार्कमध्ये घशाच्या कर्करोगात निमोराझोल नावाचे औषध किरणांबरोबर देतात. पोट बिघडल्यावर आपण मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या घेतो ना, त्यांचेच हे नातेवाईक.

मेटफॉर्मिनने तिसराच मार्ग दाखवला. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया नावाच्या चिमुकल्या भट्ट्या असतात; तिथे प्राणवायू जळतो आणि शक्ती निर्माण होते. मेटफॉर्मिन या भट्टीची पहिली झडप थोडी आवळते. म्हणजे तळमजल्याच्या बिऱ्हाडांना सांगितले, बाबांनो, आज कपडे धुऊ नका. त्यांनी पाणी कमी ओढले की तिसऱ्या मजल्याचा नळ आपोआप वाहू लागतो. पंप नको, टाकी नको. २०१३ साली टोरांटोच्या संशोधकांनी उंदरांत वाढवलेल्या मानवी गाठींवर हे पाहिले : औषध दिल्यावर गाठीतली प्राणवायूची टंचाई कमी झाली आणि किरण अधिक लागू पडले. २०१८ साली ब्रुसेल्समध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर तसाच प्रयोग झाला आणि तसेच दिसले. भोवतालच्या निरोगी भागात प्राणवायूची चणचण मुळातच नसते, त्यामुळे या युक्तीने त्याला जादा इजा होऊ नये, हीही एक जमेची बाजू.

आतड्याच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. ही गोळी रक्तात फारशी साठत नाही, पण आतड्याच्या अस्तरात रक्तापेक्षा कित्येक पटींनी साठते. ती घेणाऱ्या माणसाचे पेट स्कॅन केले तर आतडे दिव्यासारखे उजळून दिसते, इतके की मागे दडलेली गाठ झाकली जावी. म्हणून तपासणीआधी दोन दिवस ती बंद ठेवायला अनेकदा सांगतात. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर औषधाची जी जबर मात्रा वापरतात, ती माणसाच्या रक्तात कधीच पोचत नाही, हा या साऱ्या संशोधनावरचा नेहमीचा आक्षेप. आतडे या आक्षेपाला थोडा अपवाद ठरेल, अशी आशा म्हणूनच बाळगली गेली.

आणि आता आबांचा प्रश्न. गुदाशयाच्या कर्करोगात किरण आधी का देतात? गाठ आटावी, म्हणजे शस्त्रक्रिया सोपी व्हावी आणि रोग त्या जागी पुन्हा उद्भवू नये, म्हणून. लांब पल्ल्याचा उपचार असेल तर आठवड्याचे पाच दिवस अशा २५ ते २८ बैठका आणि सोबत केमोच्या गोळ्या. आखूड असेल तर पाच दिवसांत पाच बैठका. काही रोग्यांत गाठ नुसती आटत नाही, पार नाहीशी होते. साओ पावलोच्या डॉ. आंजेलिता हाब्र-गामा या शस्त्रवैद्य बाईंनी अशा रोग्यांवर शस्त्रच न चालवता त्यांना केवळ डोळ्यांत तेल घालून तपासत राहायचे ठरवले, आणि २००४ साली आपले अनुभव मांडले. लोक त्यांना हसले. आज जगभर निवडक रोग्यांत हे करतात. २०१८ साली अनेक देशांतल्या ८८० रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला : दोन वर्षांत सुमारे चौथ्या हिश्श्यात गाठ परतली, आणि परतलेल्यांवर मग शस्त्रक्रिया केली. उरलेल्यांची शस्त्रक्रिया टळली, आणि गाठ अगदी खाली असलेल्यांची पोटावरची कायमची पिशवीही टळली. गाठ पूर्ण विरघळवणाऱ्या कुठल्याही युक्तीकडे डॉक्टर इतक्या आशेने का पाहतात ते यावरून कळेल. पिशवीने माणूस मरत नाही. उलट पिशवी लावून शेती करणारे, एस. टी. चालवणारे लोक मी पाहिले आहेत. पण ज्याला ती लागायची आहे त्याच्या मनात घालमेल होणारच.

तर २०१३ सालचीच गोष्ट. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एका मोठ्या कर्करोग रुग्णालयात डॉ. हीथ स्किनर आणि सहकाऱ्यांनी किरणोपचार झालेल्या गुदाशयाच्या ४८२ रोग्यांच्या जुन्या फायली काढल्या. मधुमेह नसलेल्यांत गाठ पूर्ण नाहीशी झाली ती शेकडा साडेसोळा जणांची. मधुमेह असून मेटफॉर्मिन न घेणाऱ्यांत शेकडा साडेसात. आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत शेकडा ३५! भाचेजावयांनी वाचले ते बहुधा याच कुळातले काहीतरी असावे.

पण वाचकहो, शेकड्याच्या हिशेबात माणसे किती होती ते आधी विचारावे. मेटफॉर्मिन घेणारे होते वीस. शेकडा ३५ म्हणजे सात माणसे. त्यांतल्या चौघांचे नशीब जरा इकडचे तिकडे झाले असते तर सारे आकडेच फिरले असते. शिवाय हे वीस जण कोणी चिठ्ठ्या टाकून निवडले नव्हते. मेटफॉर्मिन कोणाला देतात? ज्याची मूत्रपिंडे ठीक आहेत, मधुमेह आटोक्यात आहे, त्याला. प्रकृती ढासळली की बहुधा इन्शुलिनवर जावे लागते. म्हणजे मुळातच बरी प्रकृती एका पारड्यात आणि खालावलेली दुसऱ्यात. असल्या तुलनांत आणखी एक खाचखळगा असतो. या साप्ताहिकाची वर्गणी ज्यांनी सलग चाळीस वर्षे भरली, त्यांची यादी करा. ते सगळे दीर्घायुषी निघतील. त्यावरून आमचे साप्ताहिक वाचल्याने आयुष्य वाढते, असे संपादक जाहिरातीत छापतील तर छापोत, मी सही करणार नाही. चाळीस वर्षे वर्गणी भरायला आधी चाळीस वर्षे जगावे लागते. "दहा वर्षे गोळी घेणारे जास्त जगले" अशा कित्येक निष्कर्षांत हीच मेख दडलेली असते.

यातून सुटायचा मार्ग एकच : चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषध द्यायचे, निम्म्यांना नाही, आणि वाट पाहायची. हे काम त्याच डॉ. स्किनर यांनी अंगावर घेतले, याचे मला फार कौतुक वाटते. स्वतःच दाखवलेल्या आशेची परीक्षा स्वतःच घ्यायला धैर्य लागते. त्यांनी निवडला फुप्फुसाचा कर्करोग. रोगी होते १६७, मधुमेह नसलेले. सर्वांना किरण आणि केमो, निम्म्यांना वर मेटफॉर्मिन. २०२१ साली निकाल छापून आला : काडीचाही फायदा नाही. त्याच वेळी कॅनडातला ५४ रोग्यांचा दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्याचा निकाल तर उलटा लागला. वर्षभरात उपचार फसला असे औषध घेणाऱ्यांत शेकडा सुमारे ६९ निघाले, न घेणाऱ्यांत ४३. आणि त्रासही औषध घेणाऱ्यांनाच अधिक झाला. स्तनाच्या कर्करोगात ३,६४९ रोग्यांवर किरणांचा संबंध नसलेला एक प्रचंड प्रयोग झाला; २०२२ साली त्याचेही उत्तर आले की रोग परतणे मेटफॉर्मिनने टळत नाही.

टोरांटोत गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एक छोटा प्रयोग झाला. तिथे गाठीतली प्राणवायूची टंचाई माणसातही कमी झालेली दिसली, पण रोगी पुरेसे मिळण्याआधीच तो थांबला. जपानमध्ये २०१६ साली असे दिसले की मोठ्या आतड्यातले कोंब काढून टाकल्यावर रोज फक्त २५० मिलिग्रॅम मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत वर्षभरात नवे कोंब कमी उगवले. म्हणजे कल्पना मेलेली नाही. पण गुदाशयाच्या कर्करोगात किरणांबरोबर ही गोळी घेतल्याने गाठ विरघळते, पिशवी टळते, हे पुरेशा मोठ्या प्रयोगाने अजून सिद्ध झालेले नाही. उंदराची गोष्ट खरी, चाळीचा नळही खरा, तरी माणसाच्या गाठीत आणखी दहा भानगडी असतात.

स्वस्त औषधांची अशी परीक्षा परदेशातच होते असे मात्र कोणी समजू नये. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, १९६२ पासून ते अणुशक्ती खात्याच्या छत्राखाली आहे. तिथल्या डॉ. राजेंद्र बडवे यांनी २०११ पासून एक प्रयोग चालवला. स्तनाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचे. दात काढताना भूल द्यायला वापरतात तेच, किंमत म्हणाल तर किरकोळ. देशातल्या अकरा केंद्रांत १,६०० स्त्रिया, आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला : पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया टोचणी घेतलेल्या गटात शेकडा ९०, दुसऱ्यात ८६. चार टक्क्यांचा हा फरक सांगण्यासाठी अकरा वर्षे खपावे लागले. जुन्या, पेटंट संपलेल्या औषधावर पैसा लावायला कंपन्या पुढे येत नाहीत. तेव्हा सरकारी पैशानेच ही कामे व्हायची. मेटफॉर्मिन आणि गुदाशय यांचा सोक्षमोक्ष लावायला आपल्याएवढी सोयीची जागा नाही, असे मला वाटते. मधुमेही आपल्याकडे मोप. आणि गुदाशयाचे रोगी पाश्चात्त्यांच्या मानाने कमी असले तरी ते तरुण वयात येतात. टाटात एका वर्षभरात पाहिलेल्या मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या ८०० रोग्यांचे सरासरी वय अवघे ४७ होते, आणि गाठीची सर्वांत नेहमीची जागा गुदाशय.

धानोऱ्याच्या सूनबाईंना मी दुसरे पत्र लिहिले त्यात या प्रयोगांचा पाढा वाचला नाही. त्यांना कामाच्या गोष्टी हव्या होत्या. मधुमेहासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आबांनी मनाने वाढवू नये, तशी मनाने बंदही करू नये. किरणांच्या काळात साखर ताब्यात हवीच. कंबरेच्या भागाला किरण दिले की जुलाब होतात, आणि ही गोळीही पोट ढिले करणारी. दोन्ही एकदम सुरू झाले की पाणी आटते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. गोळी काही दिवस थांबवायला सांगतील. रंगद्रव्य टोचून करायचा सीटी स्कॅन असेल, पेट स्कॅन असेल, शस्त्रक्रियेचा दिवस असेल, तेव्हा ही गोळी चालू आहे हे न विचारता सांगावे. क्रिएटिनिन तपासून घ्यावे. वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्याचे ब-१२ जीवनसत्त्व घटते, तेही पाहावे.

आणखी एक गोष्ट लिहिली, ती खास त्या टापूसाठी. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा आणि इतर समाजांत सिकलसेलचा आजार बऱ्यापैकी आढळतो. अशा माणसाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची साखर सांगणारी ती प्रसिद्ध तपासणी त्याच्या बाबतीत खोटी कमी दिसू शकते. गाठीतून रक्त जाऊन पांडुरोग झाला असेल तरीही तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय रक्तच फिके असेल तर गाठीपर्यंत प्राणवायू नेणार कोण? तिसऱ्या मजल्याच्या नळाची काळजी करायची तर आधी तलावात पाणी आहे ना ते पाहावे. मेटफॉर्मिनच्या आशेपेक्षा हिमोग्लोबिनचा आकडा आबांच्या किरणोपचाराला अधिक जवळचा आहे.

त्यांचे उलट उत्तर गेल्या महिन्यात आले. डॉक्टर रागावले, पण थोडेच. जादा गोळ्या बंद झाल्या, मूत्रपिंडे शाबूत निघाली, हिमोग्लोबिन साडेआठ होते ते वाढवण्याची खटपट सुरू आहे. लांबचा उपचार घ्यायचा की पाच दिवसांचा, हे अजून ठरायचे आहे. पाच दिवसांचा घेऊन पुढे केमो दिली तर गाठ पूर्ण विरघळण्याचे प्रमाण शेकडा १४ वरून २८ वर जाते, असे २०२१ साली युरोपातल्या एका मोठ्या प्रयोगात दिसले. पण पुढे पाच वर्षांच्या हिशेबात त्याच जागी रोग परतणारेही त्या गटात थोडे अधिक निघाले. धानोऱ्याच्या शेतकऱ्याला मात्र साडेपाच आठवडे परगावी राहणे आणि एक आठवडा राहणे यांत किती अंतर आहे ते शास्त्रीय मासिकात छापून येत नाही. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रोग्यांची आणि त्यांच्या माणसांची सोय होते, पण मागे कापूस वेचायला कोण? सूनबाईंनी तेही विचारले आहे. त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

आबांचे दोन महिने मूळव्याधीच्या औषधात गेले, त्याबद्दल मी त्यांना काही लिहिले नाही. पण अंक तुमच्या हाती आहे म्हणून तुम्हाला सांगतो. शौचावाटे रक्त जाणे, सवय बदलणे, पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, हे तीन-चार आठवडे टिकले तर वय चाळीस असो की सत्तर, लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडून गुदाशयाची बोटाने तपासणी करून घ्या. खालच्या भागातल्या कितीतरी गाठी नुसत्या बोटाला लागतात. तिला दोन मिनिटे पुरतात, हातमोजा सोडून काही लागत नाही, आणि ती धानोऱ्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रातही होते.